कृत्तिकांची सुट्टी



नव्या सालाचे कॅलेंडर भिंतीवर लागले की आपली नजर पहिल्यांदा जाते ती लाल तारखांकडे. कोणती सुट्टी रविवारात बुडाली, कोणती शनिवारला जोडून आली, एवढा हिशेब झाला की आपले समाधान होते. ती तारीख लाल का, आणि ती ठरवली कोणी, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दसरा-दिवाळीच्या मागे पंचांग असते, ईदेच्या मागे चंद्रदर्शन असते, २६ जानेवारीच्या मागे राज्यघटना असते. प्रत्येक लाल तारखेमागे कोणाची तरी मोजणी उभी आहे.

आज मला एका अगदी नव्या लाल तारखेची हकीकत सांगायची आहे. ती ठरवण्यासाठी एका आधुनिक देशाच्या संसदेला आकाशातल्या एका नक्षत्राचा उदय आणि चंद्राची कला विचारात घ्यावी लागली. देश न्यूझीलंड. सुट्टीचे नाव मातारिकी. आणि तिला मान्यता मिळाली ती तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या पंचांगावरून. पहिली सुट्टी पाळली गेली ती २४ जून २०२२ रोजी, शुक्रवारी.

मातारिकी म्हणजे काय, हे आपल्याला समजायला फार वेळ लागणार नाही. कारण मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. तोच तो चिमुकल्या ताऱ्यांचा घोस. नजर अधू असेल तर धुक्याचा ठिपका वाटतो, चांगली असेल तर सहा-सात तारे सुटे दिसतात. आपल्या प्राचीन नक्षत्रमालेत गणनेचा आरंभ अश्विनीपासून होत नसे, कृत्तिकांपासून होत असे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ ह्या ग्रंथात शतपथ ब्राह्मणातला कृत्तिकांचा उल्लेख घेतला आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. त्यावरून दीक्षितांनी त्या ग्रंथाचा काळ मोजण्याचा यत्न केला. म्हणजे हा घोस घड्याळासारखा वापरण्याची कल्पना मराठी वाचकाला काही परकी नाही.

आता जरा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. माओरी लोक पॉलिनेशियातल्या बेटांवरून मोठमोठ्या होड्यांतून, ताऱ्यांच्या खुणेने समुद्र ओलांडून न्यूझीलंडला आले. ही गोष्ट सुमारे सातशे वर्षांपूर्वीची. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, साधारण त्याच सुमाराची म्हणा ना. ज्यांनी तारे पाहून हजारो मैलांचा समुद्र तोडला, त्यांना शेतीचा, मासेमारीचा आणि सणावाराचा काळ ताऱ्यांवरून ठरवणे काय कठीण? कॅप्टन कुक तिथे पोचला तो १७६९ साली, आणि इंग्रजी राणीच्या वतीने माओरी सरदारांशी वाइतांगी येथे करार झाला तो ६ फेब्रुवारी १८४० रोजी. आज त्या देशात माओरी शेकडा अठराच्या आसपास आहेत.

तिकडे ऋतू आपल्या उलट. आपला जून म्हणजे मृगाचा पाऊस. त्यांचा जून म्हणजे कडाक्याची थंडी. मे महिन्यात सूर्य कृत्तिकांच्या जवळ असतो, त्यामुळे ह्या तारका काही आठवडे दिसेनाशा होतात. मग जूनच्या उत्तरार्धात एके पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, ईशान्येच्या क्षितिजावर त्या पुन्हा वर येतात. हे त्यांचे नवे वर्ष. आपल्याकडे त्या वेळी सूर्याचे आर्द्रा नक्षत्र लागत असते आणि आकाश ढगांनी भरलेले असते, म्हणून आपल्या शेतकऱ्याला त्या पहाटेच्या उदयाचा उपयोग नाही. त्यांचा शेतकरी मात्र त्या वेळी मोकळा असतो. पीक निघालेले, कोठारे भरलेली, नवी लावणी अजून दूर. गेलेल्यांसाठी रडायला आणि राहिलेल्यांबरोबर जेवायला ह्याहून चांगला काळ कोणता?

मातारिकी ह्या नावाची कथा मोठी करुण आहे. आकाश हा पिता आणि पृथ्वी ही माता एकमेकांना घट्ट बिलगून होती. मुलांना उजेड मिळेना. म्हणून मुलांनी दोघांना दूर लोटले. ताफिरिमातेआ नावाचा एक मुलगा, वाऱ्यांचा देव, ह्या ताटातुटीने इतका संतापला आणि दुखावला की त्याने आपले डोळे उपटून, चुरडून आकाशात भिरकावले. ते म्हणजे ह्या तारका. नावाचा अर्थ ‘त्या प्रभूचे डोळे’ असा सांगतात.

बहुतेक माओरी परंपरा आज नऊ तारका मोजतात. काही कुळांत सातच मोजतात. मातारिकी ही सगळ्यांची आई, आरोग्याची तारका. पोहुतुकावा ही त्या वर्षी मृत्यू पावलेल्यांची. तुपुआनुकू जमिनीतून निघणाऱ्या अन्नाची, तुपुआरांगी झाडांवरून मिळणाऱ्या अन्नाची, म्हणजे फळांची आणि पाखरांची. वाइती गोड्या पाण्याची, वाइता खाऱ्या पाण्याची. वाइपुनारांगी पावसाची, उरुरांगी वाऱ्याची. आणि शेवटची, सगळ्यांत धाकटी, हिवा-इ-ते-रांगी; तिच्यापाशी वर्षाचे मागणे मागायचे.

ही यादी मी मुद्दाम पुरी सांगितली. कारण आपल्या तैत्तिरीय ब्राह्मणात कृत्तिकांची सात नावे आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. ह्यांतली तीन पाहा. एक अभ्रे आणणारी, एक मेघ आणणारी, एक पाऊस पाडणारी. तिकडे वाइपुनारांगी, इकडे वर्षयंती. दोन समाजांचा एकमेकांशी कसलाही संबंध नव्हता, तरी दोघांनी त्याच घोसाकडे पाहून पावसाचे नाव घेतले. ह्यावरून कोणी ‘म्हणजे माओरी मूळचे आपलेच’ असे अनुमान काढू नये, बरे का! तसे काही नाही. शेती करणारा माणूस जिथे असेल तिथे तो आकाशाला एकच प्रश्न विचारतो, इतकेच.

उदयाच्या पहाटे जो विधी होतो त्याला हाउतापू म्हणतात. जमिनीत खड्डा करून, तापवलेल्या दगडांवर अन्न शिजवायचे, आणि पहाटे तो खड्डा उघडला की वर जाणारी वाफ ताऱ्यांना अर्पण करायची. थंडीने आणि प्रवासाने थकलेल्या तारका त्या वाफेने तृप्त होतात, ही कल्पना. अन्नही ताऱ्यांच्या खात्याप्रमाणे असते. जमिनीच्या तारकेसाठी रताळे, झाडाच्या तारकेसाठी पाखराचे मांस, गोड्या पाण्यासाठी वाम, खाऱ्या पाण्यासाठी समुद्रातले काही. त्या वेळी गेल्या वर्षात वारलेल्यांची नावे मोठ्याने घेतात. नावे घेताना लोक उघड रडतात. मग ताऱ्यांचे तेज पाहून येणारे वर्ष कसे जाईल ते सांगतात. तारे स्वच्छ असतील तर लावणी लवकर, अंधुक असतील तर उशिरा. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिची कोणालाही आठवण होईल. अशा भाकिताला किती वजन द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; मी ते ज्ञान म्हणून विकायला बसलेलो नाही. पण कोणता तारा कोणत्या रात्री, चंद्राच्या कोणत्या कलेला, कुठे उगवतो, ही माहिती मात्र पक्क्या निरीक्षणाची आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली गेली आहे.

रताळ्यावरून एक गंमत आठवली. २४ जून २०२२ रोजी न्यूझीलंडने ही सुट्टी पहिल्यांदा पाळली, तो दिवस आपल्याकडे योगिनी एकादशीचा होता. वारी वाटेला लागलेली होती. तेव्हा त्या सकाळी तिकडच्या खड्ड्यात आणि इकडच्या उपासाच्या पातेल्यात रताळीच शिजत होती म्हणायची! आणि रताळे हे मूळचे ना त्यांचे ना आपले. ते दक्षिण अमेरिकेचे.

आता गोष्टीचा अवघड भाग.

हे ज्ञान ज्यांच्याकडे असे त्यांना तोहुंगा म्हणत. तोहुंगा म्हणजे जाणता. कोणी वैद्यकाचा जाणता, कोणी कोरीव कामाचा, कोणी ताऱ्यांचा. १९०७ साली न्यूझीलंडच्या संसदेने एक कायदा केला, त्याचे नावच मुळी तोहुंगांना दडपण्याचा कायदा. अलौकिक शक्तीचा दावा करून रोग बरे करणारे आणि भविष्य सांगणारे, ह्यांच्यावर तो होता. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की हा कायदा केवळ गोऱ्यांनी लादला असे नाही. तो मांडणारे मंत्री जेम्स कॅरल हे स्वतः माओरी मातेचे पुत्र. आणि माउई पोमारे, आपिराना न्गाटा ह्यांसारख्या शिकलेल्या माओरी पुढाऱ्यांचा त्याला पाठिंबा होता. पोमारे डॉक्टर होते. साथीच्या रोगांत माणसे पटापट मरताना त्यांनी पाहिली होती, आणि भोंदूंच्या नादी लागून लोक दवाखान्यात येत नाहीत ही त्यांची तळमळ होती. आपल्याकडच्या समाजसुधारकांना ही अडचण चांगली ओळखीची आहे.

शिक्षा फारच थोड्यांना झाल्या. पण कायद्याचा जोर नुसत्या शिक्षेत नसतो. भोंदू वैद्य आणि ताऱ्यांचा जाणता ह्यांना एकच शब्द, आणि त्या शब्दावरच सरकारचा शिक्का बसला. शाळेत तर आधीपासूनच, १८६७ च्या कायद्याने, माओरी मुलांचे शिक्षण इंग्रजीतून चालले होते. आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला, हे सांगणारी म्हातारी माणसे अगदी अलीकडेपर्यंत होती. घरात आजोबा तारे दाखवतात आणि शाळेत मास्तर म्हणतात ती अंधश्रद्धा. अशा वेळी नातू काय करणार? तो तारे विसरतो. १९०७ चा तो कायदा रद्द झाला तो १९६२ साली. पंचावन्न वर्षे, म्हणजे दोन पिढ्या.

ह्याच काळात एक वही लिहिली जात होती. तूहोए नावाच्या कुळातले ते कोकाउ आणि त्यांचे चिरंजीव राविरी, ह्यांनी १८९८ साली ती लिहायला घेतली आणि १९३३ पर्यंत तिच्यात भर पडत गेली. चारशे पानांची वही, माओरी भाषेत. तिच्यात सुमारे एक हजार ताऱ्यांची नावे आणि एकशे तीन तारकासमूह. पुढे ही वही घराण्यातल्या एका नातवाकडे आली आणि त्याच्या कपाटात पडून राहिली. १९९५ साली त्या गृहस्थाचा नातू, रांगी मातामुआ नावाचा विद्यार्थी, आजोबांना मातारिकीविषयी काही विचारायला गेला. आजोबा उठले, कपाट उघडले आणि वही पुढे ठेवली. हा विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाला, त्या वहीवर त्याने वर्षानुवर्षे काम केले, आणि २०१७ साली मातारिकीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारने सुट्टी ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली तिचे प्रमुख हेच मातामुआ.

एका वहीने सारे घडले, असे मात्र कोणी समजू नये. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला, शाळांतून माओरी शिकवा म्हणून. १९८२ पासून लहान मुलांची पाळणाघरे निघाली, तिथे आज्या नातवंडांशी केवळ माओरीत बोलत. १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. भाषा परतली, तशी ताऱ्यांची नावे परतली. हेस्टिंग्ज गावी २००० साली ते रांगी हुआटा ह्यांनी मातारिकीचा मेळा भरवला तेव्हा पाचशेच्या आसपास माणसे आली. तीनच वर्षांनी पंधरा हजार आली. २००९ साली राहुई कातेने ह्या माओरी पक्षाच्या सभासदबाईंनी सुट्टीचे विधेयक आणले, ते काही पुढे गेले नाही. २०२० च्या निवडणुकीआधी जॅसिंडा आर्डर्न ह्यांनी ही सुट्टी देण्याचे वचन दिले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला.

कायदा करताना खरी अडचण आली ती तारखेची. सरकारी कचेऱ्यांना, कारखान्यांना, विमान कंपन्यांना सुट्टी आधी ठाऊक असावी लागते. आणि इथे तर चांद्रमासाचा हिशेब. माओरी पंचांगात पिपिरी नावाचा महिना; त्या महिन्याच्या उतरत्या पक्षात, चंद्र अर्धा होतो त्या सुमाराच्या तीन-चार रात्री तांगारोआच्या म्हणून ओळखल्या जातात, त्या मातारिकीच्या. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आसपास. क्वचित आषाढ वद्यात. चांद्रवर्ष आणि सौरवर्ष ह्यांचा मेळ बसवायला त्यांच्याकडेही आपल्या अधिक मासासारखी जादा महिन्याची सोय आहे. त्यामुळे तारीख मागेपुढे होते: २०२३ साली १४ जुलै, २०२४ साली २८ जून, २०२५ साली २० जून, २०२६ साली १० जुलै. समितीने २०५२ सालापर्यंतचे गणित करून दिले आणि त्या तारखा कायद्याच्या परिशिष्टात छापल्या गेल्या. दिवाळी कधी आहे हे दर वर्षी पाहावे लागते, ह्याची आपल्याला सवय आहे. पण ज्या देशात नाताळ आणि नववर्ष ठरलेल्या तारखेला येतात, तिथल्या गोऱ्या कारकुनाला सुट्टीचा अर्ज लिहिण्यापूर्वी चंद्र कोणता आहे हे बघावे लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आदिवासींच्या आणि मूळ रहिवाशांच्या सन्मानाचे दिवस जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेत बर्कले शहराने १९९२ साली कोलंबस दिनाच्या जागी मूळ रहिवाशांचा दिवस पाळायला घेतला. पण तारीख तीच राहिली, कोलंबसाची. कॅनडात १९९६ पासून २१ जून पाळतात. खुद्द न्यूझीलंडात वाइतांगी कराराची सुट्टी १९७४ पासून आहे, पण तो दिवस कराराचा, आणि त्यावरून दर वर्षी वाद. संयुक्त राष्ट्रांचा ९ ऑगस्ट हा जागतिक दिवस १९९४ साली ठरला, तोही १९८२ साली जिनिव्हात एका कार्यगटाची पहिली बैठक भरली त्या तारखेवरून. हे दिवस वाईट नव्हेत. पण ह्यांत त्या लोकांचा सन्मान आपल्या तारखेला होतो. मातारिकीत तसे नाही. तिथे त्या लोकांची कालगणनाच सगळ्या देशाने अंगावर घेतली. पाहुण्याला आपल्या घरी जेवायला बोलावणे वेगळे, आणि त्याच्या घरी त्याच्या वेळेला जेवायला जाणे वेगळे.

तडजोड झालीच नाही असे मात्र नाही. सुट्टी नेहमी शुक्रवारी, त्या रात्रींच्या सर्वांत जवळच्या शुक्रवारी. म्हणजे चंद्राने तिथी सांगायची आणि कचेरीने वार! शिवाय सगळे माओरी मातारिकी पाहत नाहीत. पश्चिमेकडच्या, तारानाकी आणि फांगानुईकडच्या काही कुळांना कृत्तिका डोंगराआड नीट दिसत नाहीत. ते नववर्षासाठी पुआंगा पाहतात, म्हणजे मृगातला राजन्य तारा. मग सुट्टीला नाव एकाच नक्षत्राचे का, अशी त्यांची कुरबुर होती. मालकवर्गाची कुरबुर अर्थातच पैशाची: आणखी एक भरपगारी सुट्टी, तिचा भार कोणी सोसायचा? आणि सुट्टी आली म्हणताच दुकानदारांच्या सवलतीच्या जाहिरातीही आल्या. ह्यात नवल ते काय. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेचे काय झाले आहे ते आपण पाहतोच.

दारूकामाची तक्रार त्याहून वेगळी. वेलिंग्टन शहराने २०१८ साली आपले नोव्हेंबरचे दारूकाम मातारिकीवर आणले. त्या वर्षी ऐन वेळी एक मोठा देवमासा बंदरात येऊन राहिला, आणि त्याला त्रास नको म्हणून कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलला. लोकांनी त्या देवमाशाचे नाव मातारिकी ठेवले. पण पुढे तज्ज्ञांनी सरळच विचारले, की जो सण तारे पाहण्याचा, त्या दिवशी आकाशात धूर करायचा, हे कोणत्या शास्त्रात बसते? २०२३ साली सरकारने नगरपालिकांना पत्र लिहून मातारिकीला दारूकाम करू नका अशी विनंती केली.

आता कोणी विचारील, आणि विचारावेच, की एका सुट्टीने माओरींच्या पदरात पडले काय? ह्याचे उत्तर मी घटनांनीच देतो. पहिल्या मातारिकीनंतर आठच दिवसांत, १ जुलै २०२२ रोजी, माओरींच्या आरोग्यासाठी एक स्वतंत्र सरकारी संस्था सुरू झाली. २०२३ च्या निवडणुकीत सरकार बदलले, आणि २०२४ च्या मध्याला ती संस्था बंद झाली. सुट्टी राहिली, संस्था गेली. त्याच वर्षी वाइतांगी कराराचा अर्थ कायद्याने नव्याने ठरवणारे एक विधेयक संसदेत आले. करारातले माओरींचे हक्क ह्याने पातळ होतील, अशी भीती पसरली. देशाच्या टोकापासून लोक चालत, मोटारींतून निघाले, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी वेलिंग्टनला संसदेसमोर पोलिसांच्या अंदाजाने बेचाळीस हजार माणसे जमली. १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी फेटाळले गेले. सुट्टी देणे स्वस्त असते, जमीन आणि अधिकार देणे महाग असते, हे माओरी लोक कोणापेक्षाही चांगले ओळखून आहेत. पण एक फरक पडला आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलाला आजोबांचे तारे ही लाज वाटायला लावली, त्याचा पणतू आज शाळेत आपल्या वर्गातल्या गोऱ्या मुलांना त्या ताऱ्यांची नावे शिकवतो. ह्या फरकाची किंमत आरोग्य संस्थेच्या अंदाजपत्रकात मांडता येत नाही, आणि ती संस्था बंद झाल्याची भरपाईही त्याने होत नाही. दोन्ही खरे आहे.

आपल्या घराकडे एकदा पाहून बोलणे आटोपतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी आहेत, दर शंभरांत नऊहून अधिक. ९ ऑगस्टला नंदुरबार, नाशिक, पालघर भागांत मिरवणुका निघतात. बिरसा मुंडा ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ चा; तो दिवस २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस म्हणून देशभर पाळला जातो. झारखंडात सरहुल ह्या सणाला सरकारी सुट्टी असते. साल वृक्ष फुलतो तेव्हा, चैत्र शुद्ध तृतीयेला. मातारिकीला जवळची अशी आपल्याकडे हीच, कारण तिची तारीख झाड आणि चंद्र मिळून सांगतात.

आणि आपल्या आदिवासींचे तारे? तेही आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे ह्यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांतून हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून ताऱ्यांच्या कथा टिपून घेतल्या, आणि २०१३ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांतले चार तारे गोंडांच्या आकाशात खाट आहेत, आणि मागचे तीन हे ती खाट पळवायला आलेले चोर. ऋषींच्या जागी चोर! पण गंमत सोडा. ही माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांची वये झालेली आहेत, आणि प्रत्येक घरात चारशे पानांची वही नाही.

श्रोत्यांपैकी कोणाला कृत्तिका ओळखता येत नसतील तर जूनची वाट पाहू नका. तेव्हा आपल्याकडे ढग असतात. १५ नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मोकळ्या जागी पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातले तीन तारे धरून वर सरका. आधी तांबूस रोहिणी लागेल, तिच्याही वर तो घोस. वेलिंग्टनचा मुलगा पहाटे मातारिकी शोधतो तेव्हा त्याला शिकवलेली वाटही हीच: ते तीन तारे, मग रोहिणीचा त्रिकोण, मग कृत्तिका. तुमच्या गावाजवळ वारल्यांचा, ठाकरांचा, भिलांचा, कोरकूंचा पाडा असेल, तर तिथल्या एखाद्या आजीला बरोबर घ्या आणि तिच्याकडे त्या घोसाला काय म्हणतात ते विचारून वहीत लिहून ठेवा. तारीख घालायला विसरू नका.